चौथी बोअर

तीस वर्षं मी जमिनीत बोअर मारल्या, सगळ्या पाण्यासाठी. एकाच घरासाठी अशा बोअर मारल्या की ज्यांत पाणी लागायलाच नको होतं, आणि नेमका तिथंच घोळ घातला. त्याबद्दल लिहितो. चांगलं काही केलंच नाही असं नव्हे. माणगाव तालुक्यात अशा वाड्या आहेत जिथं अजून मला जेवल्याशिवाय सोडत नाहीत. पण त्या गोष्टी दुसरं कुणीही सांगेल. ही मलाच सांगायला हवी, कारण बाकी कुणाला ती पुरती ठाऊक नाही.

आधी धंदा थोडक्यात सांगतो. बोअरची गाडी म्हणजे दोन ट्रक, एकावर उभा टॉवर, दुसऱ्यावर कॉम्प्रेसर. वीस वीस फुटांचे रॉड एकाला एक जोडत खाली सोडायचे, टोकाला हातोडा, आणि वरून हवेचा दाब. दगडाचा चुरा हवेबरोबर वर उडतो. आधी तांबडा, मग पिवळट, मग आपला काळा कातळ लागला की राखेसारखा. बघणाऱ्याला नुसती धूळ दिसते, पण आम्हाला त्या चुऱ्यावरून खाली काय चाललंय ते कळतं. चुरा ओलसर झाला की गिऱ्हाईक देवाचं नाव घ्यायला लागतं. मग फवारा उडतो, सगळे भिजतात, मालक नारळ फोडतो, आणि पहिली ओंजळ मी तोंडात घेतो. माझ्या धंद्यातलं सगळ्यात भरवशाचं यंत्र म्हणजे माझी जीभ. गोडं, जड, लोहाचं, मचूळ, खारं, हे मी घोटाभरात सांगत असे आणि त्याचा मला अभिमान होता. अजून आहे.

गिऱ्हाईकं सगळ्या तऱ्हेची भेटली. हायवेवरच्या एका हॉटेलवाल्याला बोअर ईशान्येलाच हवी होती. मी म्हटलं, पाणी दक्षिणेला आहे. तो ऐकेना. अडीचशे फूट कोरडी धूळ खाल्ल्यावर म्हणाला, "दिशा तर बरोबर होती ना?" जमिनीनं वास्तुशास्त्र वाचलेलं नसतं, एवढंच मी त्याला सांगू शकलो. उरणकडे मिठागरांच्या कडेला एका म्हाताऱ्यानं मला बोअर मारायला बोलावलं आणि मी नको म्हटल्यावर उलट खूश झाला. "मंग बरोबर हाय," तो म्हणाला, "मना बी म्हाईत होता. पोरांना तुझ्या तोंडून सांगाचा होता." कोरड्या गेलेल्या बोअरही शेकड्यांनी झाल्या. त्यांचं आम्ही काय करायचो? वरून खडी, चुरा, मुरूम ढकलून द्यायचो आणि पुढच्या गावाला जायचो. ही आमच्या सगळ्यांचीच रीत. वाईट आहे असं कधी कुणी म्हटलं नाही, मलाही वाटलं नाही.

मग म्हात्रेशेठ आले. मूळचे उरणचे आगरी, ट्रकचा धंदा. दिघीच्या खाडीच्या अलीकडे एका गावात बायकोच्या माहेरच्या जमिनीवर त्यांना घर बांधायचं होतं. बायको कुंदाताई. तीन वर्षांपूर्वी स्वयंपाकघरात भाजल्या होत्या. मानेपासून कमरेपर्यंत कातडी लावलेली. जीव वाचला, पण अशा कातडीला घाम येत नाही, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. घाम नाही म्हणजे अंग निवत नाही. उरणच्या घरात एसी होते, पण मे महिन्यात व्होल्टेज पडायचं, एसी बंद पडायचे, आणि एकदा त्या बेशुद्ध होऊन दवाखान्यात न्याव्या लागल्या होत्या. खाऱ्या वाऱ्यानं एसीची बाहेरची पेटी दोन-तीन वर्षांत गंजते ते वेगळंच.

"मना त्या मशिनीतला काय कलत नाय," म्हात्रेशेठ मला म्हणाले. "हिला गारवा भेटला पायजे, बस."

मशिनीतलं सगळं कळणारी होती केतकी मॅडम, पुण्याची इंजिनिअर. वय माझ्या मुलीएवढं, आवाज हळू, हातात सतत वही. तिनं मला समजावलं ते तुम्हालाही सांगतो. उन्हाळ्यात विहिरीत उतरलं की गार वाटतं आणि थंडीत तेच पाणी कोमट लागतं, कारण जमीन खोलवर बारा महिने एकसारखी असते. या घरासाठी दोनशे फुटांच्या सहा बोअर मारायच्या. प्रत्येकीत प्लॅस्टिकची काळी नळी खाली जाऊन वळून परत वर येणार. त्या बंद नळीतलं पाणी घरातली उष्णता घेऊन खाली जाणार, जमिनीत सोडून परत येणार. वरचं यंत्र फ्रीजच्या भावकीतलं, पण वीज फार कमी खाणारं, छतावरच्या सोलरवर आणि बॅटऱ्यांवर चालणारं. थंडीच्या सकाळी तेच उलटं फिरवून घर ऊबदार आणि अंघोळीचं पाणी गरम. शिवाय जांभ्याच्या जाड भिंती, खोल ओटी, पश्चिमेला एक खिडकी नाही. गावातल्या लोकांनी ऐकलं की जमिनीतून गरम-गार येणार, तर महाडकडे आहेत तसे गरम पाण्याचे झरे इथंही फुटणार असा बोभाटा झाला. दोघं-तिघं टॉवेल घेऊन अंघोळीला येऊ का म्हणून विचारूनही गेले.

"काका, एक गोष्ट महत्त्वाची," मॅडम म्हणाली. "या बोअरमध्ये पाणी वरखाली फिरता कामा नये. नळी सोडल्यावर तळापासून तोंडापर्यंत माती-सिमेंटचा घट्ट लगदा भरायचा. तळापासून. वरून ओतायचा नाही."

मी हो म्हटलं. माझ्या मनात काय होतं तेही सांगतो. मनात होतं, ही पोर मला बोअर बुजवायला शिकवते.

पहिल्या तीन बोअर सरळ गेल्या. चौथीला साठ फुटांवर गोडं पाणी लागलं, असा फवारा की माझ्या पोरांनी सवयीनं आरोळी ठोकली आणि मी सवयीनं नारळ फोडला. नको असलेल्या पाण्याला नारळ फोडणारा मी जगात एकटाच असेन. चव घेतली तर साखरेसारखं. शेजारच्या वाडीतून सुमतीवहिनी बघायला आल्या होत्या. कुंदाताईंच्या माहेरच्या शेजारघरच्या सून, म्हणून कुंदाताई त्यांना वहिनी म्हणत आणि आम्हीही म्हणू लागलो. विधवा बाई, मुलगी लग्न होऊन लांब, आणि सव्वाशेच्या आसपास सुपारीची झाडं एकटीच्या जिवावर सांभाळणारी. त्यांनीही ओंजळभर प्यायलं आणि म्हणाल्या, "ह्ये तर माझ्या विहिरीचंच पानी."

बरोबर होतं. तोच झरा.

पुढं एकशे चाळीस फुटांवर कातळाला भेग लागली आणि पाणी बदललं. तोंडात घेतलं तर खारं, आणि मागाहून जिभेवर एक कडवटपणा राहणारा. खाडी तिथून फार लांब नव्हती. मॅडम त्या दिवशी पुण्याला गेली होती. फोनवर मी सांगितलं, खारं लागलंय. ती म्हणाली, मग ही बोअर जास्तच नीट भरा.

दोनशे फुटांपर्यंत गेलो, नळी सोडली, तळापासून लगदा भरायला घेतला. ती भेग लगदा पीतच राहिली. गोण्यांवर गोण्या गेल्या आणि लगदा काही वर चढेना. गोण्या संपल्या. नव्या यायला दोन दिवस लागणार होते, आणि माणगावच्या एका शाळेत माझी गाडी दुसऱ्या दिवशी ठरलेली होती. तिथल्या हेडमास्तरांना मी शब्द दिलेला. मी आयुष्यभर जे केलं तेच केलं. खडी आणि चुरा वरून ढकलला, वरच्या दहा फुटांत उरलासुरला लगदा घातला, तोंड साफ दिसू लागलं. मॅडम परत आल्यावर तिनं वही उघडून विचारलं, "चौथी पूर्ण भरली ना, काका?"

"भरली," मी म्हटलं.

खोटं बोललो असं तेव्हा वाटलंही नाही. भोक भरलं होतं, एवढंच माझ्या डोक्यात. उरलेल्या दोन बोअर शाळेचं काम उरकून आल्यावर मारल्या, त्या मात्र नीट भरल्या.

घर पुढच्या वर्षी पुरं झालं. थंडी सरत आली तेव्हा, संक्रांतीच्या सुमाराला, म्हात्रेशेठनी मला मुद्दाम बघायला बोलावलं. दुपारी बाहेर घामाच्या धारा आणि आत पाऊल टाकलं तर पाणवठ्यावरच्या झाडाखाली आल्यासारखं वाटलं. कसला आवाज नाही, अंगावर वारा नाही. कुंदाताई बाह्या कोपरापर्यंत सारून भाजी निवडत बसल्या होत्या. "चार वर्षांनी दुपारची झोप लागते मला," त्या म्हणाल्या. म्हात्रेशेठ माझ्याकडे बघून नुसते हसले. त्या दिवशी मला फार बरं वाटलं. एवढं समाधान मला गोडं पाणी लागल्यावरही क्वचित झालं होतं.

निघताना सुमतीवहिनींनी हाक मारली. तिळगूळ दिला, तांब्या पुढं केला. "पानी जरा मचूळ लागंल बरं का. दिवाळीपासनं असंच हाय. कोन म्हनतं पाऊस कमी झाला, कोन म्हनतं समिंदर चढतोय."

मी घोट घेतला. मचूळ, आणि मागाहून जिभेवर कडवटपणा.

ती चव मी विसरलो नव्हतो. खालच्या भेगेतलं पाणी माझ्या खडीतून वर चढून गोड्या झऱ्याला मिळालं होतं. वहिनी शिंपण्यासाठी पंप लावायच्या, झऱ्याचा जोर कमी व्हायचा, आणि खालचं वर यायचं. सहा बोअरमध्ये मी वरचं आणि खालचं पाणी वेगळं ठेवायला होतो. पाचांत ठेवलं आणि चौथीत त्यांच्यामध्ये दारच उघडून दिलं.

आणि मी काही बोललो नाही. "हो, सगळीकडंच मचूळ होतंय," एवढं म्हणून गाडीत बसलो.

का, ते खरं सांगतो. मॅडमच्या वहीत माझी बोअर पूर्ण भरलेली होती. सहाही बोअरच्या नळ्या एकमेकींना जोडलेल्या, त्यामुळं ती उकरायची म्हणजे यंत्र बंद, आणि कुंदाताईंची दुपारची झोप बंद. समुद्र चढतोय म्हणून लोकांनी स्वतःच समजूत काढली होती आणि समुद्र काही उलट उत्तर देत नाही. पण या सगळ्यापेक्षा मोठं कारण म्हणजे मी माणगावचा नावाजलेला बोअरवाला होतो. माझ्या हातानं एक गोडी विहीर खारी झाली हे माझ्या तोंडातून निघेना. पावसात धुऊन निघेल, असं मी स्वतःला सांगत राहिलो. फाल्गुन गेला, चैत्र गेला. रात्री जेवताना भाजीत मीठ जास्त झालं तरी मला ती विहीर आठवायची.

वैशाखात वहिनींचा फोन आला. गेलो. वाडीत शिरल्याबरोबर दिसलं. सुपारीच्या झावळ्यांची टोकं करपलेली, कोवळी सुपारी झाडांच्या बुंध्याशी आळ्यांत गळून पडलेली. वहिनी पाटाच्या कडेला उभ्या होत्या, पदर कमरेला खोचलेला.

"एक बोर मारून द्या मला," त्या म्हणाल्या. "तुमच्या हाताला गोडं पानी लागतं. तवा बघितलंय मी. कुठं मारायची ती जागा तुमीच ठरवा, मी काय बोलनार न्हाय."

मी तिथं उभा राहू शकलो नाही. येतो म्हणालो आणि कुंपण ओलांडून थेट म्हात्रेशेठच्या ओटीवर गेलो. नवराबायको दोघंही होते. बसायच्या आधीच सगळं सांगून टाकलं, नारळापासून खडीपर्यंत.

म्हात्रेशेठ उठले. मोठं अंग, मोठा आवाज, पण त्या दिवशी आवाज चढला नाही, त्यानं जास्त भीती वाटली. "तू चुकलास," ते म्हणाले, "आन् भोगाचा हिनं? ऐन वैशाखान मशीन बंद कराची?"

 नव्या झऱ्याची आशा दाखवून वहिनींना दुसरीकडं बोअर मारून देता आली असती, तेही शेठनी सुचवलं. मी म्हटलं, चौथी उघडी असेपर्यंत नवीही खारीच होईल.

कुंदाताई उठून पुढं आल्या. त्या म्हणाल्या, "मी त्या विहिरीचं पाणी पिऊन वाढलेय. बंद करा ते भोक. आजच मॅडमना फोन लावा."

"कुंदा, तुना बरा नाय वाटाचा."

"चार दिवस नाही वाटणार. वहिनीची झाडं गेली तर ती एकटी काय करणार?"

केतकी मॅडम दुसऱ्या दिवशी आली. ओरडेल म्हणून मी तयार होतो. तिनं फक्त वही उघडली, ते पान काढलं आणि म्हणाली, "काका, मी तुम्हाला विचारलं होतं."

"हो," मी म्हटलं. यापलीकडं आमचं त्यावर बोलणं झालं नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

सुमतीवहिनींना मी त्याच संध्याकाळी जाऊन सांगितलं की विहीर माझ्यामुळं बिघडली. त्या विहिरीपाशी गेल्या आणि आत डोकावून आल्या. मग विचारलं, "बुजवता येतंय का?"

"येतं."

"मंग बुजवा."

चार दिवस यंत्र बंद होतं. मी गाडी पुन्हा त्याच भोकावर उभी केली. वरचा लगदा फोडला, मग माझीच खडी, मग नळी. प्लॅस्टिकच्या काळ्या सालपटांचा ढीग झाला. चांगली, नवी, काही दोष नसलेली नळी मी माझ्या हातोड्यानं चिंधड्या करून बाहेर काढत होतो. कुंदाताई ओटीवर ओली चादर पांघरून बसायच्या, दर थोड्या वेळानं म्हात्रेशेठ ती पुन्हा भिजवून आणायचे. दुसऱ्या दुपारी त्यांना चक्कर आली. शेठनी त्यांना उचलून गाडीत नेऊन बसवलं आणि इंजिन चालू ठेवून दोन तास गाडीतल्या एसीत बसवून ठेवलं. कॉम्प्रेसर चालू होता, मी बंद केला नाही. थांबलो असतो तर पाचवा दिवस लागला असता. शेठनी गाडीच्या काचेतून माझ्याकडं बघितलं.

या वेळी गोण्या दुप्पट आणल्या होत्या. भेगेला आधी जाड लगदा पाजून गप्प केलं. मग लगदा सोडायचा नळा तळाला टेकवून हळूहळू वर येत भरत गेलो, बोअरच्या तोंडातून लगदा बाहेर सांडेपर्यंत. मॅडम तोंडाशी उकिडवी बसून बघत होती. कुणी नारळ फोडला नाही. पाच बोअरवर यंत्र पुन्हा चालू झालं. घर अजून गार राहतं. ऐन उन्हाळ्यात मागची एक खोली तेवढी बंद ठेवावी लागते.

पाऊस चांगला झाला. दिवाळीनंतर म्हात्रेशेठचा निरोप आला, पाणी सुधारलंय, येऊन बघ. गेलो. वहिनींच्या विहिरीतून पोहरा ओढून घोट घेतला. मचूळपणा नावापुरता उरला होता, कडवटपणा गेला होता. आणखी एका पावसाळ्यानं पूर्ण गोडं होणार, हे मी खात्रीनं सांगू शकत होतो. म्हात्रेशेठनी माझ्या पाठीवर थाप मारली. "चूक कबूल करनारा बोरवाला मी पयला बघितला," ते म्हणाले. कुंदाताईही म्हणाल्या की तुम्ही आपणहून सांगितलंत, दुसऱ्या कुणी सांगितलं नसतं. मला ते ऐकायला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं.

वाडीतून कुऱ्हाडीचा आवाज येत होता. दोन माणसं वाळलेल्या सुपाऱ्या तोडत होती. सव्वाशेतली निम्म्याहून जास्त झाडं गेली होती. काही सुमतीवहिनींच्या सासऱ्यांनी लावलेली. नवं रोप लावलं तर सुपारी धरायला सहा-सात वर्षं लागतात आणि वहिनींनी साठी ओलांडली होती.

मी जवळ गेलो. म्हटलं, "वहिनी, पाणी आता येईल जाग्यावर."

"व्हय, मी पन चाखलं," त्या म्हणाल्या. पडलेल्या झाडाकडं बघत होत्या. मग सहज विचारावं तसं त्यांनी विचारलं, "तुमाला कधी कळलं व्हतं?"

मी खोटं बोलू शकलो असतो. वैशाखात, तुम्ही बोलावलंत तेव्हा, असं म्हटलं असतं तर कुणालाही खरं वाटलं असतं.

"संक्रांतीला," मी म्हटलं. "तुम्ही पाणी दिलंत तेव्हाच."

त्यांनी पायाशी पडलेली वाळकी झावळी उचलून बाजूला टाकली. मग म्हणाल्या, "तवाच सांगितलं असतंत, तर मी पाट बंद केला असता. वरच्या आळीत गोडं पानी हाय. डोईवरनं आनून जुन्या झाडांना तेवढं घातलं असतं. पावसापत्तर तगली असती ती." कुऱ्हाड चालत होती, म्हणून त्या जरा मोठ्यानं बोलत होत्या. "टोकं करपायला लागली तवा मला वाटलं पानी कमी पडतंय. मी जास्त घालाय लागले."

 त्या पदरानं हात पुसत तोडणाऱ्या माणसांकडं गेल्या आणि पुढचं झाड कोणतं ते दाखवू लागल्या.

खडी टाकली ते मी अजाणता केलं असं एखाद वेळी स्वतःला सांगता येतं. पण संक्रांतीपासून वैशाखापर्यंत मी जाणून गप्प होतो, आणि त्या चार महिन्यांत ती बाई रोज सकाळी उठून पंप लावत होती, आणि एकेका झाडाच्या आळ्यात पाट वळवत होती.